मागचं तळं परत हिरवं!

सेक्रेटरी: मंडळी, मागच्या बागेतलं तळं दोन आठवड्यांपूर्वी पूर्ण उपसून, घासूनपुसून नवीन पाणी भरलं होतं. आज बघतो तर पुन्हा हिरवंगार. मासे दिसतसुद्धा नाहीत. काय करायचं?

बी-३०१: ब्लीचिंग पावडर टाका. दोन दिवसांत काचेसारखं होईल.

ए-००२ काकू: आणि मासे दोन दिवसांत वर तरंगतील! क्लोरीनने त्यांचे कल्ले जळतात. कृपया कोणी काहीही टाकू नका.

बी-३०१: बरं, मग शेवाळ मारायचं औषध मिळतं ना?

ए-००२ काकू: मिळतं. पण मेलेलं शेवाळ जाणार कुठे? तळाशी बसून कुजतं आणि कुजता कुजता पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. मग मासे गुदमरतात. त्यातून औषध तांब्याचं असेल तर थेट विषच. आमच्या जुन्या घरी हौदात हा प्रयोग करून बसलेय मी, म्हणून सांगते.

सी-२०४: काकू, आज पहाटे फिरायला गेलो तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडमीट करत होते. भूक लागली असेल का?

ए-००२ काकू: भूक नाही हो, दम लागलाय त्यांना. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, पण रात्री स्वतःच ओढून घेतं. पहाटे तो सगळ्यात कमी असतो. रात्री कारंजं बंद करता का?

सेक्रेटरी: हो, दहा वाजता. रात्री बघायला कोण असतं?

ए-००२ काकू: मासे असतात की 😄 आजपासून रात्रभर चालू राहू दे, म्हणजे पाण्यात हवा मिसळत राहील. बंद ठेवायचंच असेल तर दिवसा ठेवा.

सी-२०४: यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा बसवला तर?

ए-००२ काकू: आधी काचेच्या ग्लासात तळ्यातलं पाणी घेऊन बघा. पाणीच हिरवं दिसलं तर ते तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. त्यावर यूव्ही चालतो. पाणी स्वच्छ आणि दगडांवर केसांसारख्या जटा असतील तर यूव्हीचा उपयोग नाही. त्या काठीला गुंडाळून ओढून काढायच्या, तेवढंच.

सी-२०४: बघून आलो. ग्लासातलं पाणी हिरवं आहे. जटा नाहीत.

सेक्रेटरी: पण एवढं स्वच्छ करूनही हे का झालं, ते मला अजून कळलं नाही.

ए-००२ काकू: स्वच्छ केलं म्हणूनच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला होता ना? माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात. नळाच्या क्लोरीनने ते मेले. नवीन पाणी, भरपूर ऊन आणि वाटेकरी कोणी नाही, मग शेवाळाचं फावलं. स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचा. पाणी आठवड्याला फार तर दहावा हिस्सा बदलायचं, तेही क्लोरीन घालवून. आणि एक विचारते. माशांना खायला कोण घालतं?

ए-१०३: मी, सकाळी.

बी-३०१: मीपण, ऑफिसहून आल्यावर. मूठभर.

सी-४०१: आमची मुलं संध्याकाळी पावाचे तुकडे टाकतात. 🙈

सेक्रेटरी: वॉचमन म्हणतोय, दुपारी तोही टाकतो.

ए-००२ काकू: घ्या! चार वेळा जेवणारे मासे आणि त्यांचं उरलेलं खाणारं शेवाळ. न खाल्लेलं अन्न आणि विष्ठा यांतून नायट्रेट-फॉस्फेट होतं, तेच शेवाळाचं खत. दिवसातून एकदा, तीन-चार मिनिटांत संपेल एवढंच घाला. बाकीच्यांनी नुसतं बघा.

बी-३०१: 😅 मूठ मागे घेतो.

सी-२०४: लॉनला खत घातलं की पावसात उतारावरून तेही तळ्यातच येत असणार.

ए-००२ काकू: अगदी बरोबर. माळीदादांना सांगायला हवं. आणि निम्म्याहून जास्त पाण्यावर सावली हवी. वॉटर लिलीच्या दोन कुंड्या ठेवल्या तर पानं ऊनही अडवतील, खतही ओढतील. जलपर्णी मात्र नको. वाढली की आवरत नाही, आणि कोणीतरी नाल्यात फेकतं.

सेक्रेटरी: ठरलं. खाऊ फक्त ए-१०३ घालतील. लिलीचं पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. पाणी कधी निवळेल?

ए-००२ काकू: काही आठवडे लागतील. तोवर पुन्हा उपसू नका म्हणजे झालं.

सी-४०१: मुलं विचारतायत, रविवारी तरी एक तुकडा चालेल का?

ए-००२ काकू: नाही. 😐