टाकी भरली तरी पंप बंद होत नाही, त्याबद्दल

टाकीवरच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचं (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची पातळी मोजणाऱ्या) टीच बटण, म्हणजे पंप कुठल्या पातळीला बंद करायचा ते त्याला शिकवणारं बटण, दोनदा दाबूनही टाकी काठोकाठ भरली की त्याचं आउटपुट (पंप बंद ठेवणारा सिग्नल) सुटतं आणि पंप चालूच राहतो, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते प्रोग्रॅमिंगपेक्षा आधी सेन्सर किती उंचीवर बसवलाय ते बघा.

या सेन्सरमध्ये बहुधा एकच चकती आवाज सोडते आणि तीच परत ऐकते. सोडल्यावर ती घंटेसारखी क्षणभर थरथरत राहते, तेवढ्यात आलेला प्रतिध्वनी तिला ओळखू येत नाही. हाच ब्लाइंड झोन. पाणी त्यात शिरलं की पहिला प्रतिध्वनी हुकतो, दुसऱ्यांदा आपटून आलेला पकडला जातो आणि अंतर साधारण दुप्पट दिसतं. म्हणजे भरलेली टाकी सेन्सरला रिकामी वाटते! डेटाशीटमधला ब्लाइंड झोन बघून सेन्सर तेवढा वर घ्या, थोडी जागा जास्तच सोडा. पाइपाच्या तुकड्यावर चढवणार असाल तर आतली कड घासून गुळगुळीत करा, नाहीतर तिथूनच खोटा प्रतिध्वनी येतो.

मग टीच करा, पण पॉवर दिल्या दिल्या नको, सेन्सर गरम होऊन स्थिरावू द्या. तापमान १ अंशाने बदललं की आवाजाचा वेग सुमारे ०.१७ टक्के बदलतो. तापमानानुसार मोजमाप दुरुस्त करणारं कॉम्पेन्सेशन बंद असेल आणि २० अंशांचा फरक पडला, तर २ मीटरवर जवळपास ७ सेंटीमीटरची चूक होते.

आणि कृपा करून ओव्हरफ्लोसाठी वेगळा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळीनुसार चालणारा) लावाच.