उसनवारी आणि अस्सलपणा : ‘एरागॉन’च्या निमित्ताने

वाटसरू :
क्रिस्टोफर पाओलिनी यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली ‘एरागॉन’ ही कादंबरी २००२ मध्ये त्यांच्या कुटुंबाने स्वतः छापली, पुढच्या वर्षी ती मोठ्या प्रकाशनाकडून आली आणि २००६ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. माझे स्पष्ट मत आहे, की ही कथा १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’वरून उचललेली आहे. शत्रूने घेरल्यावर एक स्त्री जवळची मोलाची वस्तू (‘एरागॉन’मध्ये ड्रॅगनचे अंडे) दूर धाडते आणि स्वतः कैद होते. ती वस्तू शेतावर वाढलेल्या पोरक्या मुलाच्या (इथे एरागॉनच्या) हाती लागते. तिच्या मागावर आलेल्यांकडून त्याचा पालक मारला जातो. नामशेष झालेल्या योद्ध्यांच्या पंथातला एक म्हातारा त्याला तलवार देतो, शिकवतो आणि वाटेतच मरतो. मग त्या स्त्रीची सुटका, बंडखोरांचा गुप्त तळ आणि शेवटची लढाई. तिथे काका होता, इथे मामा आहे. एखाददुसरा प्रसंग जुळला असता तर गोष्ट वेगळी होती. इथे प्रसंगांचा क्रमही बहुतांशी तोच आहे.

अनवट :
हा न्याय सर्वांना सारखा लावणार असाल, तर टॉल्किन यांच्यापासून सुरुवात करावी लागेल. ‘द हॉबिट’ (१९३७) मधील थोरिन, फिली, किली, बोंबुर ही बुटक्यांची नावे ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातील नामावळीतून घेतलेली आहेत, आणि गँडाल्फ हे नावही तिथलेच. झोपलेल्या ड्रॅगनच्या खजिन्यातून पेला चोरल्यामुळे तो चवताळतो, हा ‘द हॉबिट’मधला प्रसंगही आधी ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात आहे, आणि टॉल्किन तर त्या काव्याचे नावाजलेले अभ्यासक होते. त्यांना कोणी चोर म्हणत नाही.

वाटसरू :
म्हणत नाही, कारण त्यांनी घेतलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले ते दिसते. ‘द हॉबिट’च्या सुरुवातीच्या मसुद्यात गँडाल्फ हे बुटक्यांच्या म्होरक्याचे नाव होते आणि जादूगाराचे नाव ब्लॅडोर्थिन होते. त्या नॉर्स नावात ‘काठी’ आणि ‘एल्फ’ हे दोन्ही अर्थ आहेत. लिहिता लिहिता ते बुटक्याकडून निघून हातात काठी असलेल्या जादूगाराकडे आले. एका शब्दाशी इतका वेळ झुंजणारा लेखक आणि गाजलेल्या चित्रपटाचा सांगाडा घेणारा लेखक यांना एका पारड्यात घालणे मला अन्यायाचे वाटते.

रानजाई :
वाटसरू यांचा राग मला समजतो, परंतु त्यातला मोठा वाटा चित्रपटाचा आहे. पुस्तकात त्या अंड्यातून निघालेली सफिरा ही ड्रॅगन महिनोन्महिने वाढते. एरागॉन तिच्यासाठी झाडावर आडोसा बांधतो आणि मांसाचे तुकडे चोरून नेतो. चित्रपटात ती ढगांत शिरते आणि विजा चमकताच पूर्ण वाढून खाली येते. बुटके तर चित्रपटात जवळजवळ नाहीतच. पाओलिनींनी स्वतःची म्हणून घातलेली भर अशी कापून टाकल्यावर उसना सांगाडाच उरणार.

रूपांतरकारांची आपसांतली उसनवारी हा आणखी एक विषय आहे. टॉल्किन यांच्याच ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरच्या पीटर जॅक्सन यांच्या २००१ च्या चित्रपटात, बिल्बो या हॉबिटच्या (टॉल्किन यांच्या कथांतल्या ठेंगण्या जमातीतल्या) वाढदिवसाच्या मेजवानीत दुसऱ्या एका हॉबिटचे मोठे केसाळ पाय अगदी समोर दिसतात. ती चौकट राल्फ बाक्षी यांच्या त्याच कथेवरच्या १९७८ च्या अॅनिमेशनपटातून घेतलेली आहे आणि जॅक्सन यांनी ते मोकळेपणाने मान्य केले आहे. ‘व्यासाचा मागोवा घेतु, भाष्यकारांतें वाट पुसतु’ असे सांगून लिहिणाऱ्या ज्ञानदेवांच्या भाषेत वाढलेल्या आपल्याला तरी अशा कबुलीचे मोल वेगळे सांगायला नको.

वाटसरू :
कबुलीने लेखक प्रामाणिक ठरतो, पुस्तक अस्सल ठरत नाही. पुस्तकातला तपशील चित्रपटाने कापला, हे मान्य. मात्र तो कापल्यावरही कथा जशीच्या तशी उभी राहते, याचा अर्थ तो तपशील कथेत मुरलेलाच नव्हता.

अनवट :
मुरलेला नव्हता, हे मला मुळीच मान्य नाही. ड्रॅगनचे नाव ठेवण्याचा प्रसंग पुन्हा वाचावा, अशी विनंती आहे. ब्रॉमकडून (तलवार देणाऱ्या त्याच म्हाताऱ्याकडून) ऐकलेली जुन्या ड्रॅगनांची नावे एरागॉन एकेक करून सुचवत जातो, त्याची ड्रॅगन प्रत्येक नाव नाकारते, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात येते की आपण सगळी नरांचीच नावे घेत होतो; ही मादी आहे. त्या दोघांचे पुढचे सगळे नाते या संकोचातून सुरू होते. ‘स्टार वॉर्स’मध्ये हे कुठे आहे, ते वाटसरू यांनी दाखवावे.