‘जप्त’ म्हणजे कायमचं गेलं का?

मळवाट
चोरीचा माल सापडल्यावर तो परत कसा मिळवायचा, यावरची एक छोटी पुस्तिका मराठीत आणते आहे. मूळ मजकुरात तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. पोलीस तपासासाठी वस्तू घेतात, ही पहिली. दुसरीत कोर्टाच्या हुकमाने मालमत्तेचा व्यवहार बंद होतो, मालक तोच राहतो. तिसरीत ती कायमची सरकारची होते. मी तिन्ही ठिकाणी ‘जप्त’ लिहिलं आणि तपासणाऱ्या बाईंनी तिन्ही ठिकाणी लाल रेघ मारली.

रेघ बरोबरच आहे. माझ्या मावशीच्या पाटल्या चोरीला गेल्या होत्या. पाच महिन्यांनी निरोप आला, “तुमचा माल जप्त झालाय.” मावशीने कपाळाला हात लावला. तिच्या लेखी जप्त म्हणजे सरकारने घेतलं, विषय संपला. वर्षभर तिने अर्जच केला नाही. पुढे ओळखीतल्या एका वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं, की पाटल्या अजून तिच्याच आहेत, मागायच्या तेवढ्या राहिल्यात.

पहिल्या पायरीला असा शब्द हवा आहे, की वाचणाऱ्याला लगेच कळावं, वस्तू अजून माझीच आहे.

तत्सम
शब्द आहेत, आपण वापरत नाही. अभिग्रहण म्हणजे तपासासाठी घेणं, अधिहरण आणि समपहरण म्हणजे कायमचं सरकारकडे जाणं. कायद्याच्या मराठी अनुवादांत ते दिसतात. घेणं आणि कायमचं जाणं यांना वेगळे शब्द असताना सगळं एका ‘जप्त’च्या गोणीत कशाला कोंबायचं?

कैफियत
तत्सम, तुमच्या यादीतला ‘समपहरण’ मी वीस वर्षांत एकाही अशिलाच्या तोंडून ऐकलेला नाही. निकालपत्रात शेवटी काय असतं? “मुद्देमाल सरकारजमा करण्यात यावा.” नाहीतर “मुद्देमाल मूल्यहीन असल्याने अपील मुदतीनंतर नष्ट करण्यात यावा.” सरकारजमा. कानावर पडला की अर्थ कळतो.

मळवाटताई, पायऱ्या कायद्यातही वेगळ्या आहेत. पोलिसांनी वस्तू घेण्याचं कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १०२ होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १०६ झालं. गुन्ह्यातून मिळवलेल्या मालमत्तेसाठी १०७ नवीन आहे. त्यात तपास अधिकारी अधीक्षकांची किंवा आयुक्तांची मंजुरी घेऊन कोर्टात जातो, कोर्ट १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस काढतं, आणि पुढे ती रक्कम ज्यांचं नुकसान झालं त्यांना वाटायचं काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे येतं, ६० दिवसांत. वाटून उरलं, किंवा घ्यायला कोणी नसलं, तरच सरकारजमा. ‘जप्त’ एवढ्या एका शब्दात हे सगळं बसवलं तर तुमच्या मावशीसारखे लोक घरी बसून राहणारच.

तीस वर्षं खाकी
मुद्देमाल खोलीची किल्ली सात वर्षं माझ्याकडे होती, म्हणून लिहितो. पंचनाम्यातलं वाक्य मला पाठ आहे: “सदरचा मुद्देमाल दोन पंचांसमक्ष जप्त करून, खाकी कागदात गुंडाळून, त्यावर पंचांच्या व आमच्या सहीचे लेबल लावून, लाखेने सील करून पुढील तपासकामी ताब्यात घेतला.” एकाच वाक्यात ‘जप्त’ही आहे आणि ‘ताब्यात’ही. आम्हाला त्यात कधी घोळ वाटला नाही. जप्त म्हणजे कागदावर आणणं, ताब्यात म्हणजे हाताशी ठेवणं. पाकिटावर गुन्हा नंबर, रजिस्टरला नोंद, की झाली जप्ती. मालकी बदलते असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही नसायचं. शब्द चुकीचा नाही साहेब, लोकांना तो सावकाराच्या आणि बँकेच्या जप्तीमुळे भीतीचा झालाय.

पाटीपेन्सिल
काकांचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. लाखेचा वास आला अगदी!

मग वर्तमानपत्रांतलं ‘हस्तगत’ का नको? “दोन लाखांचा मुद्देमाल हस्तगत.” हाती आला, एवढंच. मालकीबद्दल अवाक्षर नाही.

कैफियत
हातात येईल ते हस्तगत. बँकेच्या खात्याचं काय? पोलिसांना खात्यावर हे कलम लावता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं. आपण खातं ‘गोठवलं’ म्हणतो, हस्तगत केलं म्हणत नाही. घरजमिनीचं तर २०१९ च्या निकालात स्पष्ट झालं, की स्थावर मालमत्ता १०२ खाली घेताच येत नाही. म्हणजे ‘फ्लॅट हस्तगत’ हे मराठीतही चूक आणि कायद्यातही.

धातुपाठ
थोडं मुळाकडे जाऊ. अरबीत ‘जब्त’ म्हणजे आवरणं, ताब्यात ठेवणं, बंदोबस्त. सरकारला देऊन टाकणं हा अर्थ मुळात नाही. अकबराच्या काळी जमीन मोजून सारा ठरवायच्या पद्धतीलाही जब्तच म्हणत, आणि तिथे शेत शेतकऱ्याकडेच राही. त्याच धातूचा ‘जाबता’, शिवकालीन कागदांतला ‘कानुजाबता’ तो हाच. म्हणजे खाकीकाका म्हणतात तो अर्थ मुळाला धरून आहे आणि मावशींनी घेतलेला अर्थ नंतरचा.

मळवाट
मान्य. पण पुस्तिका मावशीच वाचणार आहे, अकबर नाही वाचणार.

तत्सम
नेमकं म्हणूनच नवा शब्द हवा! जुन्या शब्दाला भीती चिकटली असेल तर ती पुस्तिकेने पुसली जात नाही. ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ हे शब्द आले तेव्हा तेही लोकांना जडच गेले असतील. आज कोणाला अडतात? वापरला की शब्द रुळतो. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश करून घेणाऱ्या शिवाजी महाराजांच्या मुलखात आपण कोर्टाची भाषा मराठी करायला लाजतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कैफियत
महापौर रोज बातमीत येतो, म्हणून रुळला. माणसाच्या आयुष्यात समपहरण एकदा येतं, तेही तो घाबरलेला असताना. त्या घडीला त्याला शब्द शिकवत बसायचं का?

पाटीपेन्सिल
‘खालसा’ कसा वाटतो? सातारचं संस्थान १८४८ मध्ये खालसा झालं. कायमचं गेलं हे त्यात स्वच्छ दिसतं.

तीस वर्षं खाकी
चोराची मोटारसायकल खालसा? नको. सरकारजमाच ठीक.

आडगाव
मधल्या पायरीला ‘टाच’ हा शब्द असताना कोणी बोललंच नाही! ईडीच्या बातम्यांत रोज असतो. तात्पुरती टाच १८० दिवसांची, तेवढ्यात प्राधिकरणाने कायम केली नाही तर उठते. ‘टाच उठली’ असं आपण म्हणतो. जप्ती ‘उठली’ही ऐकलंय, पण सरकारजमा झालेलं उठत नाही. क्रियापदातच फरक आहे बघा. माझे आजोबा सांगायचे, दारावर हुकूम टाचून जायचे, म्हणून टाच. टाचणीतली टाच.

धातुपाठ
आजोबांचा मान राखून सांगतो, हे पटत नाही. पायाची टाच रोवून अडवणं मला जास्त जवळचं वाटतं. घोड्याला टाच मारतात, तशी दारात टाच मारून उभं राहणं.

आडगाव
घोड्याला टाच मारली की तो पळतो, थांबत नाही. तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय.

मळवाट
टाच मधल्या पायरीला घेते, सरकारजमा शेवटच्या. पहिल्या पायरीचं अजून अडलंय. सध्या “तपासासाठी ताब्यात घेतलेली वस्तू” असं लिहिलंय, पण पंचनाम्यात तर ‘जप्त’च असणार. पुस्तिकेत एक आणि हातातल्या कागदावर दुसरंच दिसलं तर माणूस आणखी गोंधळेल.

कैफियत
मग दोन्ही लिहा, आणि लगेच खाली अर्ज कुठे करायचा ते. नव्या संहितेच्या ४९७ मध्ये वस्तू हजर केल्यापासून १४ दिवसांत कोर्टाने तिचं वर्णन तयार करायचं, फोटो काढून घ्यायचे, आणि त्यानंतर ३० दिवसांत तिचं काय करायचं ते ठरवायचं, असं आहे. वाहनं ठाण्याच्या आवारात सडू देऊ नयेत, फोटो आणि बंधपत्र घेऊन सोडावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलं होतं. आमच्याकडे मग गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून दिल्यावर, सुटते.

तत्सम
‘सुपूर्द’ हो. मूळ फारसी सिपुर्द.

तीस वर्षं खाकी
नागपूरला होतो तेव्हा अर्जावर ‘सुपूर्तनामा’च असायचा. कोणी परत पाठवला नाही.

धातुपाठ
त-द ची ही अदलाबदल मराठीत आहेच. मददची आपण ‘मदत’ केली. आणि जब्तचं ‘जप्त’ झालं त्यातही पुढच्या कठोर त ने मागच्या ब चा प केला.

तत्सम
मग ‘हद्द’ची हत्त का नाही झाली? ‘रसद’ची रसत?

आडगाव
आमच्याकडे जुनी माणसं रसत म्हणतात. आजीचं वाक्य आहे, उद्या विचारून नीट लिहितो.