जुलैत शनिवार-रविवार मुंबई, खरंच इथलंच असं काय खायचं?

नागपूरकर_पाहुणा
जुलैच्या मधल्या वीकेंडला मी आणि आई मुंबईत येतोय, बोरिवलीला मामेभावाकडे उतरू. मागच्या वेळी सगळं जेवण मॉलमध्येच झालं आणि ते तर नागपुरातही मिळतेच ना, म्हणून यावेळी ठरवलंय की मुंबईच्या आसपास जे पिकतं किंवा पकडलं जातं तेच खायचं, सस्टेनेबल वगैरे म्हणतात तसं. मला कोळीवाड्यात जाऊन ताजं पापलेट खायचंय, आई शाकाहारी आहे. लोकलनेच फिरू, बजेट साधं. कुठे जाऊ?

खारदांडा_कोळीण
दादा, जुलैत ताजं पापलेट कुठून आणणार? १ जून ते ३१ जुलै मशीनच्या बोटींना बंदी असते, आमच्या बोटी शाकारून किनाऱ्याला लावलेल्या असतात. मासळीचा अंडी घालायचा टाइम असतो तो, तेव्हा तिला सोडायची. हॉटेलवाला ताजं म्हणून देतो ते बर्फातलं, नाहीतर पूर्व किनाऱ्याचं, तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते म्हणून तिकडचा माल तोवर सुरू झालेला असतो. खाल्लंत तर गुन्हा नाही, पण तुम्हाला पायजे तसं इथलंही नाही. आणि तळहाताएवढं पापलेट कुठल्याच महिन्यात घेऊ नका, २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केलं पण पिल्लं पकडणं काय थांबलेलं नाही.
पावसात आम्ही सुकट खातो. मे महिन्यातच आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवतो, सुके बोंबील, जवळा (अगदी बारीक सुकी कोळंबी), सोडे (सोललेली सुकी कोळंबी). बोंबील बांबूवर उन्हात वाळवलेले, ना फ्रीज ना बर्फ, आता यापेक्षा सस्टेनेबल काय असतं ते मला सांगा. जवळा आधी तव्यावर कोरडाच भाजायचा, चुरचुरला की पाण्यातून काढून घट्ट पिळायचा, मग भरपूर कांदा, आमचा मसाला, दोन आमसुलं. सोबत तांदळाची भाकरी. ताजंच पायजे असेल तर खाडीच्या चिंबोऱ्या (खेकडे) नाहीतर निवट्या (चिखलातले छोटे मासे) विचारा, फक्त पोटाला अंडी असलेली चिंबोरी नको.

खादाड_गिरगावकर
ताई सगळं बरोबर, पण माणूस नागपूरहून येऊन सुकट खाणार का 😄 आणि मामेभावाच्या सोसायटीत जवळा भाजला तर वरचे-खालचे दोन्ही मजले भांडायला येतील. त्यापेक्षा दादरला उतरा, मामा काणेंकडे बटाटेवडा, प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, आईपण खूश.

खारदांडा_कोळीण
वास येतो म्हणणारेच नंतर ताट पुढे करतात. आणि बटाटा काय दादरला पिकतो काय?

लोकल_८_५२
😂😂 बटाट्याचा मुद्दा पटला. पण वडा खाच, त्याला सस्टेनेबल-बिस्टेनेबल लावू नका.
आईंसाठी खरी मजा तुम्ही उतरताय तिथेच आहे. पावसाळ्यात बोरिवली स्टेशनबाहेर आणि दादरलाही पालघर, कर्जत, कसाऱ्याकडच्या आदिवासी बायका सकाळी रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा (तुमच्याकडे तरोटा म्हणतात तोच), कुरडू, भारंगी, फोडशी, कर्टोली. कुणी पेरलेलं नाही, खत नाही, फवारणी नाही, पहाटे खुडून लोकलनेच आलेलं. कर्टोली बारीक, गच्च काट्यांची बघून घ्या, मोठी गुळगुळीत बहुतेक लागवडीची असतात. घासाघीस करू नका, एका वाट्यामागे किती डोंगर तुडवलाय ते त्यांनाच माहीत. पिशवी घरून न्या.
शेवळं (पावसाच्या सुरुवातीला येणारी रानभाजी) तोवर संपत आलेली असतील, पण दिसली तर सोडू नका. फक्त त्याच बाईकडून काकडं (आंबट रानफळं) पण मागून घ्या, त्याशिवाय शेवळं घशाला सणसणीत खाजतात. चिरताना हाताला तेल लावायचं. भाजी कशी करायची ते त्यांनाच विचारा, यूट्यूबपेक्षा नीट सांगतात.

नागपूरकर_पाहुणा
बापरे, बंदीचं काहीच माहीत नव्हतं. पापलेट कॅन्सल. मामेभावाला विचारलं, तो म्हणतो जवळा चालेल पण वहिनी म्हणते किचनचा दरवाजा लावून. शिजवलेलं सुकट बाहेर कुठे मिळेल का?

खारदांडा_कोळीण
मालवणी खानावळीत सुक्या बोंबलाची चटणी नाहीतर सोड्याचं काहीतरी असतंच, मेन्यूकार्डावर नसलं तरी विचारा. शनिवारीच जा, रविवारी दुपारी उभं राहायलाही जागा नसते.