रस्तारुंदीत कुंपणाची भिंत आत घ्यायला सांगतायत: हद्द चुकली, की जमीन न घेताच घेतली?

प्रश्न: गट_बावीस

हवेली तालुका, २०२१ साली पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एक. ७/१२ वर क्षेत्र ०.२२.०० हे.आर. रस्त्याकडची बाजू ३१ मीटर, तिथे दगडी भिंत. रस्त्याचं काम सुरू झाल्यावर भिंतीच्या आत २.४ मीटरवर फक्कीची रेघ मारली आणि सात दिवसांत अतिक्रमण काढा अशी नोटीस आली. तोंडी कारण एवढंच: "रस्ता १८ मीटरचा आहे, तुमची भिंत रस्त्यात आहे." भूसंपादनाची नोटीस, निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश), मोबदला यातलं काहीच माहीत नाही. हातात चालू ७/१२ आणि २००९ च्या हद्द कायम मोजणीची क-प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) आहे. आधी मोजणी करावी की कोर्टात जावं? महाभूनकाशा या सरकारी ऑनलाइन नकाशावर गट उघडून मोबाईलवर उभं राहून पाहिलं तर भिंत आपल्याच गटात दिसते, तो स्क्रीनशॉट जोडून चालेल का?

उत्तर: आणा_साखळी

स्क्रीनशॉट जोडू नका. मोबाईलचा जीपीएस उघड्यावरसुद्धा चार-पाच मीटर सहज हुकतो, आणि तुमचा वाद २.४ मीटरचा आहे. समोरचा साहेब तेवढ्यावरच बाकीचं उत्तर बाजूला ठेवेल.

आधी एक समजून घ्या, एकाच रस्त्याच्या तीन वेगळ्या रेषा असतात. अभिलेखातला रस्ता, जागेवरचा रस्ता आणि विकास आराखड्यातला म्हणजे डीपीतला रस्ता. "१८ मीटर" हा आकडा ऐकायला डीपीचा वाटतो. डीपीत रेघ आली म्हणून जमीन महापालिकेची होत नाही, ते फक्त आरक्षण. ती जमीन कराराने, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) वा एफएसआय (त्याच प्लॉटवर जादा बांधकाम) देऊन किंवा भूसंपादन करून घ्यावी लागते (एमआरटीपी म्हणजे राज्याचा नगररचना कायदा, कलम १२६). म्हणून पहिला प्रश्न "माझी हद्द कुठे" हा नाही. "तुमची फक्की कोणत्या कागदावरून मारली" हा आहे. बऱ्याचदा कागदावरून मारलेलीच नसते. ठेकेदाराचा माणूस सध्याच्या डांबराचा मध्य धरतो आणि दोन्हीकडे नऊ-नऊ मीटर टेप टाकतो. डांबर मुळात जुन्या गाडीवाटेच्या एका अंगाला सरकलेलं असेल तर एका बाजूचा शेतकरी फुकट जमीन देतो आणि समोरच्याचा ओटाही हलत नाही. आराखड्यातली रुंदी दोन्हीकडे सारखीच धरलेली असते असंही नाही.

दुसरी शक्यता, त्यांनी गावनकाशावरून मोजलं. जुने गावनकाशे बहुतेक १ इंचाला २० साखळ्या या प्रमाणाचे. साखळी ३३ फुटांची, म्हणजे प्रमाण १:७९२०. या नकाशावर तुमचे २.४ मीटर होतात ०.३ मिलिमीटर. शाईची रेघच त्याहून जाड असते. गावनकाशा रस्ता आहे की नाही ते सांगतो, भिंत कुठे हवी ते सांगत नाही. त्यासाठी त्या सर्व्हे नंबरचं मूळ टिपण (पहिल्या मोजणीचा मापांसह आराखडा), फाळणी (पोटहिस्से पाडतानाचा नकाशा) आणि एकत्रीकरण झालं असेल तर गटाचे कागद काढा, त्यांवर बाजूंची मापं लिहिलेली असतात. जुन्या टिपणात मापं साखळी-आण्यात: १६ आण्यांची साखळी, म्हणजे आणा साधारण ६३ सेंटिमीटर. वाचन आण्यापर्यंतच घेतलेलं, त्यामुळे हातभर फरकावरून भांडू नका. पण २.४ मीटर म्हणजे जवळजवळ चार आणे, एवढी चूक टिपणात सहसा लपत नाही.

मोजणी करायचीच. सध्या नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार, द्रुतगतीला फी चौपट. ई-मोजणीत अर्ज भरताना लगतधारकांच्या यादीत रस्त्याचं काम करणाऱ्या विभागाचं नाव घाला. हे लोक विसरतात. शेजारच्या चार शेतकऱ्यांना नोटीस जाते, रस्तावाल्यांना जात नाही, आणि क-प्रत आल्यावर ते शांतपणे म्हणतात की आमच्या पाठीमागे झालेली मोजणी आम्हाला मान्य नाही. मोजणीच्या दिवशी भूकरमापकाने रोव्हर (उपग्रहावरून मोजणारं यंत्र) लावला तरी विचारा, कायम खूण म्हणून काय धरलं? जुना हद्दीचा दगड, तिवढा (तीन हद्दी मिळतात ती जागा), बांधाचा कोपरा चालेल. समोरच्याचं कंपाउंड किंवा डांबराची कड धरली असेल तर तिथेच लेखी जबाब द्या आणि पंचनाम्यात ते वाक्य आलंय का ते वाचूनच सही करा. निकाल पटला नाही तर वरची पायरी निमताना मोजणी म्हणजे अपिलातली फेरमोजणी, ती भूमी अभिलेखचे उपअधीक्षक करतात. मूळ मोजणीत तोंडी कुरकुर केलेली असेल तर तिथे सांगायला काही उरत नाही.

उत्तर: आवक_शिक्का

मोजणीला वेळ लागेल, नोटीस सात दिवसांची आहे. म्हणून उत्तर उद्याच द्या, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या.

नोटिशीवर कलम कोणतं आहे ते आधी बघा, सगळा खेळ त्यावर. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं २३१ असेल तर जपून: रस्त्यावरचं अतिक्रमण आयुक्त नोटीस न देताही काढू शकतात. तुमचा बचाव "नोटीस कमी दिवसांची" असा नको, "ही जागा रस्ता नाहीच" असा हवा. २१० ते २१६ मधलं काही असेल तर ती रस्त्याची नियमित रेषा, त्यात मागे सरकवता येतं पण नुकसानभरपाई द्यावी लागते. जमीन महसूल संहितेचं ५० किंवा ५३ असेल तर जागा सरकारी असल्याचं गृहीत धरलंय. मालकीचाच वाद असेल तर कलम २० खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशी मागता येते, आणि त्या आदेशाविरुद्ध दिवाणी दाव्याची मुदत फक्त एक वर्ष. नोटिशीवर कलमच नसेल तर उत्तराची पहिली ओळ तीच.

उत्तर अर्ध्या पानाचं पुरे. साधारण असं: "सदर भिंतीच्या आतील २.४ मी. क्षेत्र रस्त्याचे असल्याबाबत आपण कोणत्या अभिलेखाचा आधार घेतला आहे, त्याची दिनांकासह प्रमाणित प्रत द्यावी. सदर क्षेत्र संपादित झाले असल्यास निवाडा, ताबा पावती व संयुक्त मोजणी नकाशा द्यावा. संयुक्त मोजणी होईपर्यंत कोणतीही तोडफोड करू नये." यापलीकडे घराण्याचा इतिहास लिहू नका. हेच कागद माहिती अधिकारातही मागा, ३० दिवसांची मुदत आहे.

संपादन झालंच नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. घटनेच्या ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही. हिमाचलमध्ये १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी अशीच घेतलेली जमीन होती. २०२० च्या विद्यादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा प्रतिकूल ताब्याचा (वर्षानुवर्षे ताबा आहे म्हणून मालकी) दावा फेटाळला आणि मोबदला द्यायला लावला. आपल्याकडे पाषाणच्या २४ एकरांचं २०२४ मध्ये गाजलं तेही याच जातीचं, आणि तिथे तर बदल्यात दिलेली जमीन वनजमीन निघाली. रिट याचिकेसाठी मुंबई उच्च न्यायालयच गाठावं लागेल, कोल्हापूर सर्किट बेंचमध्ये पुणे जिल्हा नाही. तातडीची स्थगिती हवी असेल तर इथे दिवाणी न्यायालय, पण विरुद्ध पक्ष सरकार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आड येते. ८०(२) खाली परवानगी मागून दावा लावतात. महापालिकेवरच्या दाव्यासाठी महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४८७ वेगळं, त्याची मुदत वकिलाकडून आधी तपासून घ्या.

आकडा कळावा म्हणून: ३१ × २.४ म्हणजे ७४.४ चौ.मी., पाऊण गुंठ्याला जरा कमी. समजा बाजारभाव चौरस मीटरला २०,००० निघाला, तर १४.८८ लाख. शहरी गुणक (बाजारभावाला गुणायचा आकडा) १ धरला तरी २०१३ च्या भूसंपादन कायद्यात त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे २९.७६ लाख. भिंतीचं मूल्यांकन वेगळं, वर बाजारभावावर सालाना १२ टक्के. फुकट सोडायची गोष्ट नाही.

उत्तर: टीडीआर_पेठ

वरच्यात एक भर. साइटवर येऊन "आगाऊ ताबा द्या, टीडीआरचं नंतर बघू" म्हणतील आणि छापील ताबा पावती पुढे करतील. त्यात "विनाअट, विनामोबदला" हे शब्द शोधा आणि असतील तर सही करू नका. दाट वस्तीबाहेर दिलेल्या जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो, पण मालकी निर्वेध लागते आणि तो भाग महापालिकेच्या नावे चढवून द्यावा लागतो, तेव्हाच प्रमाणपत्र. पाऊण गुंठ्यासाठी टीडीआर काढण्यापेक्षा पुढे बांधकाम करणार असाल तर त्याच प्लॉटवर एफएसआय घेणं सुटसुटीत.

आणि "पाच वर्षांत पैसे दिले नाहीत म्हणून संपादन रद्द" हा पुणे महापालिकेचा २०१४ चा निकाल कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर सोडून द्या. घटनापीठाने तो मार्च २०२० मध्ये उलटवलाय.

गट_बावीस

जुने फेरफार काढले. १९८० च्या दशकातल्या एकात "रस्त्याकडे क.जा.प. नुसार ०.०१ आर कमी" अशी नोंद आहे (क.जा.प. म्हणजे कमी-जास्त पत्रक), त्याआधी क्षेत्र २३ आर होतं. २००९ च्या क-प्रतीवर अभिलेखाचं क्षेत्र २२.०० आणि वहिवाटीचं २२.७४ लिहिलंय. याचा अर्थ काय?

उत्तर: आणा_साखळी

याने चित्र पालटलं. नोंदीत ०.०१ च्या पुढे "आर" लिहिलंय ते लिहिणाऱ्याची चूक, ०.०१ हेक्टर म्हणजे १ आर. तेवीसचे बावीस झाले तेही जुळतंय. १ आर म्हणजे १०० चौ.मी., ३१ मीटर लांबीवर पसरला तर पट्टी साधारण ३.२ मीटर रुंद. क-प्रत सांगते की तुमच्या कुंपणात अभिलेखापेक्षा ०.७४ आर, म्हणजे ७४ चौ.मी. जास्त आहे. ३१ ने भागा: २.४ मीटर. फक्की बरोबर तिथेच पडली आहे.

म्हणजे १८ मीटर हे साइटवरच्याने ठोकून दिलेलं असावं. खरी रेघ जुन्या संपादनाची दिसते: तेव्हा ३.२ मीटरची पट्टी गेली आणि भिंत नंतर त्यातलीच २.४ मीटर आत घेऊन बांधली गेली. एकच खात्री करा. जास्तीचे ७४ चौ.मी. रस्त्याकडेच आहेत, की मागच्या शेजाऱ्याच्या बांधाकडे? क-प्रतीवर अभिलेखाची हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगळ्या रेषांनी दाखवलेली असते, रस्त्याकडे त्या दोन रेषांत किती अंतर आहे ते पट्टीने मोजा, प्रमाण कोपऱ्यात छापलेलं असतं. मागच्या बाजूला फट असेल तर रस्त्याकडची भिंत निर्दोष आहे आणि नवी मोजणी लगेच टाका.

उत्तर: आवक_शिक्का

आणि फट रस्त्याकडेच निघाली तर वर दिलेलं २९.७६ लाखांचं गणित खोडा, त्या पट्टीला नव्याने मोबदला नाही. तरी निवाड्याची प्रत आणि रक्कम उचलल्याची नोंद मागाच. तेव्हा पैसे जमाच झाले नसतील तर मूळ रक्कम आणि व्याजाची मागणी राहते, जमीन मात्र परत येत नाही. अशा वेळी भिंत स्वतः उतरवा, दगड आपले राहतात. उतरवण्याआधी विभागाकडून लेखी घ्या की रेषा जुन्या संपादनाची आहे, कारण डीपीचे १८ मीटर खरोखर असतील तर त्यापुढची प्रत्येक वीत नवीन संपादन. आज फक्कीपर्यंत मागे गेलात म्हणून पुढची पट्टी सोडल्याचा अर्थ निघू नये, तेही त्याच पत्रात लिहून टाका.