निरोगी शहर ओपन जिमने होत नाही, नळाने होतं

गल्ली नंबर पाच (धुळे): काल गटात एक पोस्ट फिरली: "सायकल ट्रॅक, ओपन जिम, कारंजं झालं की शहर निरोगी. शाश्वत विकासाची 2030 ची उद्दिष्टं मग आपोआप गाठली जातील." वाचून डोकं फिरलं. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये निरोगी शहरांचं काम काढलं ते जिमसाठी नाही. माणूस दवाखान्यात पोचतो त्याच्या किती आधी आजारी पडतो, पाण्यापायी, गटारीपायी, कोंदट घरापायी. म्हणून आरोग्य हे पालिकेच्या प्रत्येक खात्याचं काम, असं ते म्हणणं. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ठरवलेल्या त्या 17 उद्दिष्टांत आरोग्य तिसरं, पाणी सहावं, शहरं अकरावं. आमच्या घरात तिन्ही एकाच ड्रममध्ये होती. नळ सहाव्या दिवशी येतो, म्हणून ड्रम भरलेला. गेल्या भाद्रपदात पोरीला डेंग्यू झाला, प्लेटलेट 22 हजारांवर. चार रात्री बाकड्यावर काढल्या. पाणी रोज आलं असतं तर ड्रम कशाला भरला असता?

घरोघरी (भुसावळ): भाऊ, पोरीचं ऐकून वाईट वाटलं. पण ड्रमला झाकण होतं का? अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला एक कोरडा दिवस पाळला, ड्रम आतून घासला, की डास होतच नाही. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने जगतात. मी अकरा वर्षं अळ्या तपासत दारोदार फिरले. अबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध, पाण्यात टाकू देत नाहीत, वास येतो म्हणतात. आणि सगळ्यात जास्त अळ्या कूलरमध्ये! उन्हाळा सरला तरी दिवाळीपर्यंत तो खिडकीला तसाच, तळाला पाणी.

पत्र्याचं घर (जळगाव): आता कूलरवर आल्या का ताई? मे महिन्यात पारा 45 वर जातो, पत्र्याखाली रात्री अकरालाही भिंत हाताला चटका देते. माझे वडील कूलरपुढेच वाचले. त्याला नावं ठेवू नका.

घरोघरी: मी कूलर फेका म्हटलं नाही. पाऊस पडला की टाकी उपसा, गवत काढून वाळवा, एवढंच.

केळीबाग (रावेर): मुळात कूलर का लागतो? रस्ता रुंद करताना कडेचे कडुनिंब गेले, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. अहमदाबादने 2010 ची उष्णतेची लाट सोसून 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला. इशारा कधी द्यायचा, पाणी कुठे ठेवायचं, दवाखान्यांनी काय तयारी करायची, सगळं ठरवलं. निरोगी शहर म्हणतात ते हे. आणि भुसावळने आरोग्य शिकवू नये. 2017 च्या स्वच्छ सर्वेक्षणात 434 शहरांत खालून दुसरं कोण होतं?

घरोघरी: तो आकडा मला पाठ आहे. त्या वर्षी मीही याच गटारी ओलांडत घरोघरी जात होते. बागेत बसून आकडे फेकणं सोपं असतं.

केळीबाग: तुमच्यावर बोललो नव्हतो. शब्द चुकला, मागे घेतो. कडुनिंबाचं मात्र मागे घेणार नाही.

पत्र्याचं घर: आत्ता जाऊन कूलर उघडला. ताई, तळाला अळ्या वळवळत होत्या. उन्हात ओतल्या. यावर तुमचं खरं.

गल्ली नंबर पाच: झाकण नव्हतं, ताई. जुनी चादर बांधली होती, तीही सरकलेली. ती चूक माझी, मान्य. पण ड्रम घासायचा तर उरलेलं पाणी ओतावं लागतं, आणि नळाला अजून दोन दिवस असले की बायको ते ओतू देत नाही. तिला दोष कसा देऊ? वॉर्डाच्या सभेत मी हेच मांडणार आहे: पाणी सोडायचं वेळापत्रक ठरवताना आरोग्य खात्याचा माणूस त्या टेबलाशी बसवा. येणार का तुम्ही? अळ्यांचं तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

घरोघरी: धुळ्याला येते. दिवस कळवा, बॅटरी आणि अळ्यांची बाटली घेऊन येईन.