मदत हवी आहे: दुसरीतल्या मुलीसाठी पाण्याची बाटली कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलगी दुसरीत आहे. सध्या सकाळची शाळा आहे, तरी रिक्षा सगळी पोरं सोडत सोडत आमच्या दारात येईपर्यंत साडेबारा होतात. एप्रिलमधलं आपल्याकडचं साडेबाराचं ऊन कसं असतं ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

मागच्या आठवड्यात ती म्हणाली, "मम्मी, पाण्याला वास यायलाय." मी कामाच्या घाईत लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी बाटली जवळजवळ भरलेलीच परत आली, तेव्हा मात्र ती घेऊन बसले. बटण दाबलं की झाकण उघडतं आणि नळी वर येते, तसली कार्टूनवाली बाटली. रोज ब्रश घालून घासत होते मी. पण झाकणाच्या आतलं पांढरं रबर सेफ्टी पिनेनं उचकटून काढलं, तर त्याच्या खाचेत काळी बुळबुळीत रेघ, अगदी गोल फिरून. नळी जिथे झाकणात शिरते तिथेही तेच. नळी उजेडात धरली तर आत काळे ठिपके. दीड वर्ष माझी पोर ह्यातून पाणी पीत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाटली टाकून दिली. आता नवी कोणती घ्यायची यावर घरात एकमत नाही. सासूबाई म्हणतात तांब्याची घे. पण उन्हाळ्यात मी तिला बऱ्याचदा लिंबू सरबत देते, आणि तांब्यात आंबट चालत नाही हे त्यांनीच मला शिकवलंय. ह्यांचं म्हणणं, थर्मासवाली घेऊ, पाणी गार राहील. जावेच्या मुलाची तशी बाटली भरून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली, ८९० ग्रॅम भरली. मुलीचं वजन २१ किलो. २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं असं आहे, म्हणजे हिच्यासाठी दोन किलो शंभर ग्रॅम. त्यातला एवढा वाटा बाटलीनंच खाल्ला तर वह्या-पुस्तकं कुठे ठेवायची?

मधल्या मारुतीजवळ दोन-तीन दुकानं फिरले. "ताई, सगळं फूड ग्रेड आहे, बिनधास्त न्या." एका बाटलीच्या तळाला काहीच छापलेलं नाही, दुसरीला त्रिकोणात ७, तिसरीला नुसतं 'बीपीए फ्री'चं स्टिकर. घरी येऊन वाचलं तर कळलं की बीपीए हे रसायन पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये असतं आणि उष्णतेनं ते पाण्यात जास्त उतरतं. युरोपनं बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्यावर २०११ मध्येच बंदी घातली. २०२३ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेनं त्याची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम वीस हजार पटींनी खाली आणली. आणि 'फ्री' लिहिलेल्या काही मालात त्याचंच भावंड असलेलं बीपीएस वापरतात म्हणे. मग त्या स्टिकरवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

अजून एक. आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. मी उकळून गाळून देते, पण ते शेवटी साठवलेलंच पाणी. अशा पाण्यासाठी बाटली निवडताना काही वेगळं बघावं लागतं का? स्टील घेतलं तर ते चांगलं आहे हे दुकानात उभं राहून कसं ओळखायचं? ज्यांनी मुलांना बाटल्या वापरून पाहिल्यात त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आमचं घरचं भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे स्टीलबद्दल सांगतो.

दुकानदार चुंबक लावून दाखवतात, "बघा, चिकटत नाही, म्हणजे चांगलं स्टील." ही परीक्षा अर्धवट आहे. चांगलं म्हणजे ३०४, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. पण स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ते काही विष नाही, पण बोअरच्या जड पाण्यानं आणि क्लोरीननं लवकर डागाळतं. म्हणून तळाला ३०४ किंवा १८/८ कोरलेलं बघाच, शिवाय आयएसआयचा शिक्का बघा. साध्या स्टीलच्या, तांब्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी आयएस १७८०३ हा क्रमांक असतो, थर्मासवालीला आयएस १७५२६. शिक्क्याखाली सीएम/एल करून परवाना नंबर असतो. तो मोबाईलवर 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की कोणत्या कारखान्याचा माल ते तिथल्या तिथे समजतं. दुकानदार वैतागला तरी टाकून बघा.

अॅल्युमिनियमची घेऊ नका. तिला आतून लेप असतो, आणि तो कशाचा आहे हे आपल्याला दिसत नाही. पोचा पडला की तो तडकतो, मग सरबत थेट धातूला लागतं.

थर्मासवालीत दोन भिंतींच्या मधली हवा काढून तळाशी एका ठिपक्यानं ती बंद करतात. काही कारखाने त्या ठिपक्यात शिसं वापरतात. वर स्टीलची चकती असते म्हणून एरवी ते हाताला लागत नाही. पण २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या अशा सुमारे साडेदहा हजार बाटल्या परत मागवल्या होत्या, कारण तळ निघून तो ठिपका उघडा पडत होता. मुलं बाटली आपटतातच. तळाची चकती हलायला लागली तर ती बाटली मुलाच्या हातात देऊ नका.

माझं मत विचाराल तर एकेरी भिंतीची, रुंद तोंडाची, आट्याच्या झाकणाची साधी स्टीलची बाटली.

प्रतिसाद २

प्लास्टिकच घ्यायचं झालं तर तळाला त्रिकोणात ५ असलेलं बघा, ते पॉलिप्रॉपिलीन. ७ म्हणजे 'इतर', त्यात बरं-वाईट सगळं येतं. आणि १ नंबरच्या, विकतच्या पाण्याच्या बाटल्या पुन्हा पुन्हा भरून देऊ नका, विशेषतः रिक्षात उन्हात तापणार असतील तर.

प्रतिसाद ३

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. तुमच्या धाग्यात एक गोष्ट राहिली ती सांगते. ज्या मुलांना झाकण स्वतः उघडता येत नाही, ती पाणीच पीत नाहीत. दरवेळी बाईंकडे यायला लाजतात. बाटली तशीच भरलेली घरी जाते आणि आईला वाटतं पाण्याला वास येतो म्हणून प्यायली नाही. मुलीला दुकानात बरोबर न्या, तिच्या हातानं चार वेळा उघड-बंद करू द्या. तुम्ही लांब उभ्या राहा.

एकेरी स्टीलचं पाणी तापतं, हे खरं. त्यासाठी जुन्या टॉवेलचा तुकडा कापून पिशवीसारखा शिवा, सकाळी ओला करून बाटलीवर चढवा. माठ जसा पाझरून गार राहतो तसंच. आपल्या कोरड्या हवेत हे चांगलं चालतं. दप्तराच्या आत मात्र ठेवू नका, बाहेरच्या जाळीत ठेवा, नाहीतर वह्या भिजतात. गळ्यात अडकवायचा पट्टा असेल तर काढून टाका. घसरगुंडीवर अडकला तर गळ्याला फास बसतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी लेकीला घेऊन गेले. पहिल्या दोन बाटल्या तिला उघडल्याच नाहीत, आणि त्यातली एक मी घेणारच होते! तिसरी ६०० मिलीची, तळाला ३०४, शिक्का आहे, नंबर तपासला. नळी नाही, बटण नाही. झाकण, एक रबर, बाटली, बस्स. रबर नखानं निघतं, हे मी दुकानातच काढून बघितलं. भरून ७६० ग्रॅम होते, पण शाळेतून येताना रिकामी असते.

टॉवेलची पिशवी शिवली. रात्री तिन्ही वस्तू सुट्या करून जाळीवर उपड्या ठेवते. रविवारी रबर उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, आणि बाटलीत खायचा सोडा टाकून गरम पाणी.

प्रतिसाद १ मधल्या दादांना एकच विचारायचं आहे. टँकरचं पाणी भरलं की दोन-तीन दिवसांत आत पांढरा थर दिसतो. लिंबाच्या फोडीनं निघतो, पण दर आठवड्याला लिंबू चोळलं तर स्टील खराब होईल का?

प्रतिसाद १

नाही होत ताई. चोळा, पाच-दहा मिनिटं ठेवा, खळखळून धुवा, रात्रभर ठेवू नका. फक्त तारेची घासणी आणि ब्लिचिंग पावडर लावू नका, त्यानं बारीक खड्डे पडतात.